मानेचा पट्टा काढा, मान हलवा

गेल्या पावसाळ्यात एक ताई दवाखान्यात आल्या. वय त्रेचाळीस, सहकारी बँकेत नोकरी. गळ्यात कातडीच्या रंगाचा स्पंजचा पट्टा. पट्ट्याची वरची कड काळवंडलेली, हनुवटीखाली घासून त्वचा लाल झालेली, त्यावर पावडर थापलेली. आठ-दहा दिवसांत पट्ट्याची अशी अवस्था होत नाही. विचारलं तर म्हणाल्या, "चार महिने झाले डॉक्टर. फक्त झोपताना काढते, तेसुद्धा भीत भीत."

घटना साधीच होती. मुंबईहून पुण्याला येताना खालापूरच्या टोलनाक्यावर यांची गाडी रांगेत उभी होती. मागच्या गाडीचा ब्रेक वेळेत लागला नाही. धक्का बसला, बंपर चेपला, मागचा दिवा फुटला. यजमान गाडी चालवत होते, ताई शेजारी बसल्या होत्या, दोघांनीही सीटबेल्ट लावलेला. खाली उतरून ताईंनी मागच्या ड्रायव्हरला चार शब्द सुनावलेसुद्धा. त्या रात्री व्यवस्थित जेवल्या, झोपल्या. सकाळी उठल्या तर मान वळेना.

तिथून पुढे एक्स-रे, पट्टा, गोळ्या आणि आठवड्याभराने एमआरआय. एमआरआयच्या कागदावर "सी-५, सी-६ डिस्क बल्ज" असं लिहून आलं. कुणी म्हणालं, "नस दबलीय." कुणी म्हणालं, "मणक्यात गॅप आलाय, आता जन्मभर जपायला हवं." ताईंनी स्कूटर सोडली, भाकरी थापणं सोडलं, बँकेत बिनपगारी रजा टाकली. मुलगी केस विंचरून द्यायची. रात्रीची झोप उडाली. फाइलमध्ये दोन एक्स-रे, एक एमआरआय आणि औषधांच्या पाच चिठ्ठ्या होत्या. पण मानेला नेमकं काय झालंय, हे चार महिन्यांत त्यांना कुणी समोर बसवून सांगितलं नव्हतं.

मी तपासलं. हातांची ताकद चांगली, बोटांना मुंग्या नाहीत, प्रतिक्षिप्त क्रिया व्यवस्थित, चालण्यात फरक नाही. मान मात्र लाकडासारखी ताठ. म्हटलं, "ताई, पट्टा काढा." त्यांनी यजमानांकडे पाहिलं, यजमानांनी माझ्याकडे.

अशा रुग्णांबद्दल आज थोडं स्पष्ट बोलायचं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. गाडीच्या धक्क्याने मानेला हिसका बसल्यावर, हाड मोडलेलं नाही आणि मज्जातंतू शाबूत आहेत अशी खात्री झाली की, मानेला आराम नव्हे तर हालचाल हवी असते. पट्टा आणि अनावश्यक एमआरआय यांनी रुग्ण बरा होत नाही. उलट "माझी मान कायमची बिघडली" ही भीती त्याच्या गळ्यात बांधली जाते. आणि यात मोठी चूक रुग्णाची नसते, आम्हा डॉक्टरांची असते.

मानेला होतं तरी काय?

उभ्या गाडीला मागून धक्का बसतो तेव्हा सीट तुमच्या पाठीला पुढे ढकलते. धड पुढे जातं, पण चार-पाच किलोचं डोकं क्षणभर जागच्या जागीच राहतं. या ओढाताणीत, सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागात, मान इंग्रजी 'एस'सारखी वाकडी होते: खालचे मणके मागे झुकतात आणि वरचे पुढे. त्यानंतर डोकं मागे फेकलं जातं आणि मग पुढे येतं. स्नायूंना सावध व्हायलाही वेळ मिळत नाही. मणक्यांच्या मागच्या बाजूला जे छोटे सांधे असतात त्यांची आवरणं, अस्थिबंध आणि स्नायू ताणले जातात. पाय मुरगळल्यावर घोट्याचं जे होतं, तेच इथे मानेचं होतं. मराठीत यासाठी 'मानेला हिसका बसणे' हा अगदी नेमका शब्द आहे.

इंग्रजीतलं नाव मात्र जास्त भीतिदायक आहे: व्हिपलॅश, म्हणजे चाबकाचा फटकारा. अमेरिकेतले अस्थिरोगतज्ज्ञ हॅरॉल्ड क्रो यांनी १९२८ साली हा शब्द वापरला, तो डोक्याच्या हालचालीचं वर्णन करण्यासाठी. लोकांनी तो आजाराचं नाव म्हणून उचलला. पुढे क्रो यांनी स्वतःच या शब्दाबद्दल खेद व्यक्त केला.

वाद त्याहून जुना आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये रेल्वे आली आणि तिच्याबरोबर रेल्वेचे अपघातही आले. वरून काहीच जखम नाही, पण पाठ-मान दुखते, झोप येत नाही, असे प्रवासी नुकसानभरपाई मागू लागले. १८६६ साली लंडनचे शल्यविशारद जॉन एरिक एरिकसन यांनी त्यावर व्याख्यानांचं पुस्तक काढलं. या आजाराला 'रेल्वे स्पाइन' म्हणत. दुखणं मणक्याचं की मनाचं, की पैशाचं, यावर तेव्हा डॉक्टर आणि वकील भांडत होते. दीडशे वर्षं उलटून गेली, भांडण अजून तेच आहे.

आणखी एक गोष्ट. दुखणं दुसऱ्या दिवशी का वाढतं? कारण ताणलेल्या भागात सूज यायला वेळ लागतो आणि अपघाताच्या क्षणी शरीरात उसळलेलं ॲड्रिनलिन वेदना झाकून टाकतं. पहिले २४ ते ४८ तास दुखणं वाढत जाणं हे नेहमीचं आहे. "काल काही नव्हतं, आज मान हलत नाही, म्हणजे आत काहीतरी तुटलं असणार" असा निष्कर्ष काढू नका. उशिरा सुरू झालेलं दुखणं हे उलट मोठी इजा नसण्याच्या बाजूचं लक्षण मानलं जातं.

आधी धोका नाही याची खात्री

याचा अर्थ तपासणी नको असा नाही. तपासणी हवीच, आणि ती नीट हवी. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात नेमलेल्या तज्ज्ञांच्या गटाने १९९५ साली या इजेचे वर्ग पाडले, ते आजही वापरले जातात. पहिला वर्ग: मान दुखते, आखडते, पण तपासणीत काही सापडत नाही. दुसरा: मानेची हालचाल कमी झाली आहे, विशिष्ट जागी दाबल्यावर दुखतं. तिसरा: मज्जातंतूंची लक्षणं आहेत, म्हणजे हातात ताकद कमी, बधिरपणा, प्रतिक्षिप्त क्रिया मंद. चौथा: मणक्याचं हाड मोडलं किंवा सरकलं आहे. हा लेख पहिल्या दोन वर्गांसाठी आहे आणि बहुतेक रुग्ण याच दोन वर्गांत असतात.

एक्स-रे किंवा सीटी स्कॅन कुणाचा करायचा, यासाठीही कॅनडातच २००१ साली एक सोपा नियम तयार झाला. वय ६५ किंवा त्याहून जास्त, जोरदार अपघात (वेगात टक्कर, गाडी उलटणं, गाडीतून बाहेर फेकलं जाणं), हातापायांत मुंग्या, यांपैकी काहीही असेल तर तपासणी लगेच. यांपैकी काही नसेल, साधा मागून बसलेला धक्का असेल, रुग्ण चालत आला असेल, मणक्यावर मधोमध दाबल्यावर दुखत नसेल आणि मान दोन्ही बाजूंना ४५ अंश वळत असेल, तर एक्स-रेचीही गरज नसते. हा नियम पूर्ण शुद्धीत असलेल्या रुग्णासाठी आहे आणि तो डॉक्टरांनी लावायचा आहे. घरी आरशासमोर उभं राहून स्वतःवर लावू नका.

खालीलपैकी काहीही दिसलं तर वाट न पाहता रुग्णालय गाठा:

- हाताची पकड सुटणे, हातापायांत वाढत जाणारा बधिरपणा
- चालताना तोल जाणे, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे
- मानेच्या किंवा डोक्याच्या एका बाजूला पूर्वी कधी न झालेली तीव्र वेदना, सोबत गरगरणं, एकाच्या दोन वस्तू दिसणं, बोलताना जीभ अडखळणं, एक पापणी खाली येणं
- वारंवार उलट्या, गुंगी, गोंधळल्यासारखं वागणं
- अपघातानंतर लगेच मानेच्या मधोमध हाडावर तीव्र वेदना

यातलं तिसरं लक्षण फारसं कुणाला माहीत नसतं. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला चीर गेली तर असं होतं, आणि त्यातून पक्षाघात होऊ शकतो. हे क्वचित घडतं, पण घडलं तर तासांचाही उशीर चालत नाही.

अपघाताच्या जागी रुग्णवाहिकेतले लोक जो कडक पट्टा लावतात, त्याच्याशी माझं काही भांडण नाही. हाड मोडलं असण्याची शंका फिटेपर्यंत तो हवाच. शंका फिटली की त्याचं काम संपलं.

माझं भांडण स्पंजच्या पट्ट्याशी

मी निवासी डॉक्टर होतो तेव्हा मान दुखते म्हटलं की पट्टा, कंबर दुखते म्हटलं की कमरेचा पट्टा, असा सरळ हिशेब होता. क्युबेकच्या गटाने १९९५ सालीच सांगितलं होतं की साध्या हिसक्यात पट्टा टाळा, रुग्णाला लवकर हालचाल करू द्या. ते मी पुढे वाचलंही होतं. तरीसुद्धा त्यानंतर किमान दहा वर्षं मी पट्टे लिहून देत होतो. का? रुग्णाला काहीतरी हातात घेऊन जायचं असतं, आणि "काही नको, मान हलवा" असं सांगून फी घेताना मला संकोच वाटायचा. पट्टा लिहायला दहा सेकंद लागतात, समजावायला दहा मिनिटं. बाहेर वीस रुग्ण बसलेले असतात.

१९९८ साली नॉर्वेतल्या डॉक्टरांनी २०१ रुग्णांवर एक साधा प्रयोग केला. अर्ध्यांना १४ दिवस रजा आणि मऊ पट्टा. उरलेल्यांना सांगितलं, नेहमीसारखे वागा, नेहमीची कामं करा. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत सुधारणा होती, पण दुखणं, मानेचा ताठरपणा, एकाग्रता अशा बऱ्याच बाबतींत नेहमीसारखं वागणारे पुढे होते. २००७ मध्ये डेन्मार्कमध्ये याहून मोठा प्रयोग झाला, त्यात वर्षभराने पट्टेवाले आणि बिनपट्टेवाले यांच्यात फरक आढळला नाही. म्हणजे पट्ट्याच्या बाजूने फार तर इतकंच म्हणता येतं की काही वेळा त्याने बिघडत नाही. ज्याने फायदा होत नाही ते औषध आपण का द्यायचं?

आणि बिघडतं ते असं. हातावरचं प्लास्टर सहा आठवड्यांनी काढल्यावर हात कसा बारीक झालेला असतो, तुम्ही पाहिलं असेल. पट्ट्याआड मानेचेही स्नायू दुबळे होतात, सांधे आखडतात. पट्टा काढल्यावर मान जड वाटते, दुखते. रुग्णाला वाटतं, पट्टा काढला म्हणून दुखलं. मग तो पुन्हा बांधतो. शिवाय पट्टा चारचौघांत दिसतो. लिफ्टमध्ये, भाजीवाल्याकडे, ऑफिसात प्रत्येक जण विचारतो, "अरे बापरे, काय झालं?" दिवसातून दहा वेळा अपघाताची गोष्ट सांगायची आणि दहा वेळा ऐकायचं की आमच्या मेव्हण्याला असंच झालं होतं, तो अजून बरा नाही. अशाने कुणाची मान सैल होईल?

एमआरआयचा कागद

जपानमध्ये १,२११ निरोगी माणसांच्या मानेचे एमआरआय काढले गेले. यातल्या कुणालाही मानेचा त्रास नव्हता. २०१५ साली आलेल्या या अभ्यासात ८७.६ टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्या दिसल्या. विशीतल्या मुलामुलींतही हे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या वर होतं.

म्हणजे ताईंच्या कागदावर जे "डिस्क बल्ज" लिहून आलं, ते बहुधा अपघाताच्या आदल्या दिवशीही होतं. चाळिशीत केस पिकतात, वाचायला चष्मा लागतो, तशाच चकत्याही थोड्या सपाट होतात. पिकल्या केसांचा फोटो काढून त्याखाली "गंभीर बदल" असं कुणी लिहीत नाही. चकत्यांबाबत मात्र आपण तेच करतो. पहिल्या-दुसऱ्या वर्गातल्या रुग्णाचा पहिल्या आठवड्यात काढलेला एमआरआय उपचारात क्वचितच काही बदल घडवतो. हाताची ताकद कमी असेल, बधिरपणा वाढत असेल किंवा काही आठवड्यांनंतर दुखणं कमी होण्याऐवजी वाढतच असेल, तर एमआरआय जरूर करावा. तेव्हा त्याला अर्थ असतो.

"म्हणजे हे सगळं मनाचं आहे का?"

हा प्रश्न रुग्ण विचारतात तेव्हा त्यांचा आवाज बदलतो, आणि तो बदलणं साहजिक आहे. त्यामुळे याचं उत्तर जरा नीट देतो.

१९९६ साली लिथुआनियातला एक अभ्यास गाजला. त्या काळी तिथे बहुतेक चालकांचा असा विमा नव्हता आणि हिसक्यामुळे मान कायमची दुखते असा समजही लोकांत नव्हता. एक ते तीन वर्षांपूर्वी ज्यांच्या गाडीला मागून धक्का बसला होता अशा २०२ जणांना गाठून विचारलं, तर त्यांच्यात मान दुखण्याचं प्रमाण साधारण इतरांइतकंच निघालं. जर्मनीत २००१ साली आणखी एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध झाला. ५१ जणांना गाडीत बसवून मागून धक्का बसल्याचा नुसता आभास निर्माण केला. मानेला ताण बसेल असा धक्का प्रत्यक्षात बसलाच नाही. तरी पुढच्या काही दिवसांत साधारण पाचातल्या एकाने त्रास सांगितला.

विमा कंपन्यांच्या वकिलांना असे अभ्यास फार आवडतात. पण लिथुआनियाच्या अभ्यासावर आक्षेपही पुष्कळ घेतले गेले. मुळात त्या अपघातांत फार थोड्यांना इजा झाली होती, मग दीर्घकाळ दुखणारे सापडणार कुठून? दुसऱ्या बाजूला, अनेक देशांतले अभ्यास एकत्र पाहिले तर दिसतं की इजा झालेल्यांपैकी जवळपास निम्मे लोक वर्षभरानंतरही थोडाफार त्रास सांगतात. इतकी सगळी माणसं नाटक करत नाहीत. भारतात तर मानेच्या दुखण्यासाठी कोर्टात जाणारा माणूस मला क्वचितच भेटतो. माझ्या ताईंनी कुठेही दावा लावलेला नव्हता.

तीस वर्षांच्या अनुभवावरून माझं मत असं: दुखणं मानेत सुरू होतं आणि खरं असतं. ते किती दिवस राहील हे मात्र फक्त मानेवर ठरत नाही. सुरुवातीची वेदना किती तीव्र होती, झोप लागते का, अपघाताची दृश्यं स्वप्नात येतात का, गाडीत बसायची भीती वाटते का, आणि "मी बरा होणार" असं माणसाला स्वतःला वाटतं का, या गोष्टी फार महत्त्वाच्या आहेत. भीतीने स्नायू ताठ राहतात, ताठ स्नायू दुखतात, दुखलं की भीती वाढते. यात मन आणि मान वेगळी काढता येत नाहीत, काढायची गरजही नाही.

म्हणून डॉक्टर दोन चुका करू शकतो. पहिली, साध्या हिसक्याला मोठा आजार बनवणं. दुसरी, "काही झालेलं नाही, उगाच बाऊ करताय" असं म्हणून रुग्णाला घालवून देणं. दुसरी चूक पहिलीइतकीच वाईट. ज्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, तो माणूस आपलं दुखणं सिद्ध करण्यात अडकतो.

ऑस्ट्रेलियात २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, महिनोन्महिने मान दुखणाऱ्या १७२ लोकांपैकी अर्ध्यांना फिजिओथेरपिस्टकडे व्यायामाच्या २० बैठका दिल्या. उरलेल्यांना अर्ध्या तासाचा एकच सल्ला, एक पुस्तिका आणि गरज पडल्यास फोन. दोन्ही गटांचा निकाल जवळपास सारखाच लागला. याचा अर्थ फिजिओथेरपी निरुपयोगी असा मी घेत नाही. मी घेतो तो अर्थ असा की नीट समजावून सांगितलेला अर्धा तास हासुद्धा उपचार आहे, आणि आम्ही तो फार स्वस्तात सोडून देतो.

मग करायचं काय?

पहिले दोन-तीन दिवस: दुखेल, वाढेलही. बर्फ किंवा शेक, ज्याने बरं वाटेल ते, दहा-पंधरा मिनिटं. बर्फ कापडात गुंडाळून. जड उचलू नका, पण अंथरुणात पडून राहू नका. घरात हिंडा-फिरा. दर दोन-तीन तासांनी मान हळूच उजवीकडे, डावीकडे वळवा, जिथे ताण जाणवेल तिथे थांबा. पाच-पाच वेळा पुरे. खांदे कानांकडे उचला, सोडा. उशी एकच, फार जाड नको.

पहिला ते तिसरा आठवडा: व्यायाम वाढवा. मान वळवणं, कान खांद्याकडे नेणं, हनुवटी सरळ मागे घेऊन पाच सेकंद धरणं, पाठीचे खवाटे एकमेकांकडे ओढणं. प्रत्येकी दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. व्यायामानंतर थोडं दुखलं आणि तासाभरात कमी झालं तर घाबरू नका, ते नुकसान नव्हे. चालायला जा. शक्य तितक्या लवकर कामावर रुजू व्हा; लागल्यास काही दिवस अर्धा दिवस. संगणकाचा पडदा डोळ्यांच्या उंचीवर घ्या, मोबाइल मांडीवरून वर आणा.

गाडी कधी चालवायची? मान वळवून खांद्यावरून मागचं दिसू लागलं की. त्याआधी नाही. दुचाकीलाही हाच नियम.

औषधं: बहुतेकांना पॅरासिटामॉल पुरते. प्रौढांनी दिवसाला एकूण ४ ग्रॅमच्या वर कधीही नाही; यकृताचा त्रास, दारूची सवय किंवा वजन फार कमी असेल तर मर्यादा याहून बरीच खाली येते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मूत्रपिंडाचा आजार, अल्सर, रक्तदाब, हृदयविकार किंवा रक्त पातळ करणारी औषधं असणाऱ्यांनी स्वतःहून घेऊ नयेत. आपल्याकडे स्नायू सैल करणारं म्हणून थायोकोलचिकोसाइड सर्रास दिलं जातं. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१३ साली त्यावर निर्बंध घातले: तोंडाने घ्यायचं तर सात दिवसांपेक्षा जास्त नाही, गरोदरपणात अजिबात नाही. आपल्या मेडिकलच्या दुकानांतून लोक त्याच जुन्या चिठ्ठीवर महिनोन्महिने नेत असतात. आणि ज्या "नसांच्या ताकदीच्या" गोळ्या सोबत लिहिल्या जातात, त्यांचा मानेच्या हिसक्याशी काही संबंध नाही.

मान मोडून घेऊ नका. सलूनमध्ये चंपी करून शेवटी 'कट्ट' आवाज काढतात, किंवा गावाकडे कुणीतरी "हाड बसवून" देतो, त्याची सुखद आठवण अनेकांना असते. पण ताणलेल्या मानेला असा झटका देणं धोक्याचं आहे. वर सांगितलेली रक्तवाहिनीची चीर अशा झटक्यानेही पडू शकते.

बहुतेकांचं दुखणं सहा ते बारा आठवड्यांत पुष्कळ कमी होतं. सुरुवातीपासूनच वेदना फार तीव्र असेल, अपघाताची स्वप्नं पडत असतील, मन खचलं असेल किंवा महिनाभरात सुधारणा दिसत नसेल, तर डॉक्टरांना हे स्पष्ट सांगा. फिजिओथेरपी आणि गरज पडल्यास समुपदेशन, दोन्ही वेळेवर सुरू झालेलं बरं. यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि गाडीत बसण्याआधी

सीटच्या वरच्या गादीला आपण 'हेडरेस्ट' म्हणतो, त्यामुळे ती डोकं टेकून झोपण्यासाठी आहे असं वाटतं. ती खरं तर सीटबेल्टसारखी सुरक्षेची वस्तू आहे. अमेरिकेत १९६९ पासून नव्या मोटारींच्या पुढच्या सीटवर ती सक्तीची आहे. स्वीडनच्या साब आणि व्होल्वो या कंपन्यांनी १९९७-९८ मध्ये खास मानेचा हिसका कमी करणाऱ्या सीट आणल्या.

आपल्या गाड्यांत ती बहुधा सर्वांत खाली दाबलेली असते. तिथे ती डोक्याला नाही, मानेला लागते. तिची वरची कड किमान कानाच्या वरच्या टोकाइतकी हवी, शक्यतो माथ्याइतकी. डोकं आणि ती गादी यांत चार बोटांपेक्षा जास्त अंतर नको. सीट आरामखुर्चीसारखी मागे पाडून बसू नका. मागे बसणाऱ्यांनीही आपली गादी वर ओढावी आणि पट्टा लावावा. हा पट्टा मात्र मी आनंदाने लिहून देईन.

त्या ताईंचं पुढे काय झालं? पट्टा मी एकदम काढायला लावला नाही. आधी दिवसातून दोन तास, मग चार, असं करत तीन आठवड्यांत सुटला. पहिला आठवडा त्यांना जड गेला. दोनदा फोन आला, "डॉक्टर, नक्की काढू ना?" दिवाळीपूर्वी त्या बँकेत रुजू झाल्या. अजूनही महिनाअखेरीच्या कामाने मान धरते, पण आता त्या घाबरत नाहीत, दोन मिनिटं उठून मान हलवतात. चार महिन्यांचा पगार आणि झोप मात्र गेली ती गेलीच. पहिल्याच दिवशी कुणी दहा मिनिटं दिली असती तर त्यातलं बरंच वाचलं असतं.

माझ्या व्यवसायबंधूंना विनंती इतकीच: पट्टा लिहिण्याआधी खुर्ची पुढे ओढा आणि बोला. आणि वाचकहो, तुमच्या घरात कपाटावर असा एखादा पट्टा पडला असेल, तर पुढच्या वेळी मान दुखली की सवयीने गळ्यात अडकवू नका. आधी डॉक्टरांना दाखवा, आणि धोका नाही म्हणाले तर मान हलवा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. अपघातानंतर प्रत्यक्ष तपासणीला तो पर्याय नाही. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)